नोव्हेंबरात छाटलेला फ्लीडर

फ्लीडर कधी छाटायचा असं मला कुणी विचारलं, की मी आधी विचारते, कात्री कुणाच्या हातात आहे? परवाच तासगावहून माझ्या चुलतभावाच्या मुलाने व्हॉट्सॲपवर द्राक्षबागेतल्या छाटणीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आत्या, तुमच्या दारातल्या त्या जांभळ्या झाडाला कधी छाटता?’ मी लिहिलं, फुलं सुकली रे सुकली की लगेच, आणि मग पुढच्या फुलापर्यंत हात लावायचा नाही. त्याने अंगठा पाठवला. त्याचं काम झालं. मी मात्र चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले, कारण हे एवढंसं वाक्य शिकायला आमच्या घराने एक अख्खा हिवाळा जीव मुठीत धरून काढला होता. तेव्हा मी शाळेत होते, फार शहाणी होते आणि घरातला जर्मन कारभार सगळा माझ्या गळ्यात होता.

फ्लीडर म्हणजे इंग्रजीत ज्याला लायलॅक म्हणतात ते. मराठीत त्याला नाव नाही, आणि आमच्या घरात कुणी ते शोधायलाही गेलं नाही. पुरुषभर उंचीच्या वर जाणारं झुडूप, बदामाच्या आकाराची पानं, आणि मे महिन्यात टोकाटोकाला जांभळ्या फुलांचे घोस. वास इतका की खिडकी उघडी असली तर आईच्या फोडणीलाही मागे सारायचा, आणि आईची फोडणी म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. ब्राउनश्वाइगमध्ये आम्ही ज्या घरात भाड्याने राहायचो त्या घराच्या मागे हा फ्लीडर होता. वरच्या मजल्यावर आम्ही तिघं, बाबा, आई आणि मी. खाली घराची मालकीण, फ्राऊ हार्म्स, म्हणजे हार्म्सबाई. तिच्या नवऱ्याने, ऑटोने, लग्नाच्या वर्षी ते झाड लावलं होतं. ऑटो जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मे महिन्यात ती त्या झाडासमोर लोखंडी खुर्ची टाकून कॉफी प्यायची, आणि त्या वेळात तिच्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती.

फ्राऊ हार्म्स म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. दुपारी एक ते तीन रूहेत्साइट, म्हणजे विश्रांतीची वेळ, त्या वेळात घरात आवाज करायचा नाही. आणि आईला नेमकं तेव्हाच खोबरं वाटायचं असायचं. भारतातून आणलेला तो मिक्सर सुरू झाला की सगळी फरशी थरथरायची, आणि दुसऱ्या क्षणाला खालून झाडूच्या दांड्याने छताला ठोका. टक, टक. आई मिक्सर बंद करायची, खालच्या दिशेला बघून म्हणायची, “बरं बाई,” आणि तीन वाजेपर्यंत धुसफुसत बसायची. तीन वाजले की मिक्सर परत सुरू. संध्याकाळी तीच आई वाटीभर कोथिंबीर वडी झाकून मला खाली पाठवायची, आणि फ्राऊ हार्म्स ती उभ्या उभ्या खाऊन वाटीत आलुबुखारच्या केकचा तुकडा ठेवून परत करायची. रिकामी वाटी परत करायची नाही हे त्या दोघींना एकमेकींना कधी सांगावं लागलं नाही. दोघींना एकमेकींच्या भाषेतले शब्द येत होते ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी भांडण आणि देवाणघेवाण दोन्ही बिनबोभाट चालायचं.

आता बाबा. बाबा युनिव्हर्सिटीत यंत्रांच्या प्रयोगशाळेत होते, पण आतून ते तासगावच्या द्राक्षबागेतलेच होते. बाग थोरल्या काकांकडे राहिली, बाबा शिकले आणि इकडे आले. जर्मन त्यांना प्रयोगशाळेपुरतं यायचं. दुकानात, ऑफिसात, बसमध्ये ते गप्प उभे राहायचे आणि मी बोलायची. मुलीच्या आडून बोलावं लागतं याचा त्यांना मनातून राग होता, हे मला आज कळतं, तेव्हा मला फक्त माझं महत्त्व कळायचं. एका गोष्टीत मात्र त्यांना कुणाचीही गरज नव्हती. मेणकापडात गुंडाळलेली छाटणीची कात्री त्यांनी तासगावहून आणली होती आणि तिला दर महिन्याला तेल द्यायचे, कापायला काही नसलं तरी. “छाटणी माझ्या हाताला ठाऊक आहे,” असं म्हणायचे. खरंच होतं ते. वेलीची काडी बोटांत फिरवून कितव्या डोळ्यावर, म्हणजे कोंबाच्या गाठीवर, कापायची ते न बघता सांगायचे. चूक कबूल करणं हा प्रकार मात्र आमच्या मान्यांच्या घराण्यात नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं आई म्हणायची आणि तेही त्यांच्या तोंडावर.

त्या वर्षी पानगळ सुरू असताना फ्राऊ हार्म्सच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्यात जायच्या दिवशी तिने आम्हाला खाली बोलावलं. कोट घालून, बॅग पायाशी ठेवून, हॉलमध्ये ताठ बसली होती. चाव्या माझ्या हातात दिल्या आणि बाबांकडे बघून म्हणाली, “हेर माने, बागेकडे लक्ष ठेवा.” मी भाषांतर करायच्या आत बाबांनी मान हलवली होती. मग ती माझ्याकडे वळली आणि जरा हळू आवाजात म्हणाली, “डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत. मला मेपर्यंत टिकायचंय. फ्लीडर एकदा बघायचाय, पुढचं पुढे.” हे मी वर जाऊन आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती, लाटणं थांबवून म्हणाली, “टिकेल. अशी माणसं टिकतात.” पण तिचा आवाज काही ठाम नव्हता. त्या दिवसापासून खालून झाडूचा ठोका यायचा बंद झाला. आणि गंमत म्हणजे आईने दुपारी एक ते तीन मिक्सर लावायचाही बंद केला.

नोव्हेंबर सरत आला, दोन-तीन दिवस पहाटे गोठलेल्या दवाने गवत पांढरं पडलं, फ्लीडरची पानं सगळी गळून गेली. एका शनिवारी नाश्त्याला कांदेपोहे खाऊन बाबांनी मेणकापड उघडलं. आईने विचारलं, “अहो, कुठे?” “बागेकडे लक्ष ठेवायला सांगितलंय ना,” म्हणाले, “झाड झोपलंय, हीच वेळ. किती वर्षं कात्री लागली नाही त्याला, नुसतं वर वर पळालंय. खरड छाटणी करतो, पार बुडापर्यंत. बाई परत येईल तेव्हा असं फुललेलं असेल की बघत राहील.” त्यांचे हात शिवशिवत होते. इतक्या वर्षांत इथे कुणीतरी त्यांना त्यांच्या हातचं काम दिलं होतं, असं त्यांना वाटत होतं. मी वरच्या खिडकीतून बघत होते. बाबा शिट्टी वाजवत होते, आणि हे मी त्यांना जर्मनीत करताना कधी ऐकलं नव्हतं. शिडीवर चढून, एकेक काडी बोटांत धरून, बुडाशी एक-दोन डोळे ठेवून कापत गेले, जसं तासगावात कापतात. दुपारपर्यंत फ्लीडरच्या जागी गुडघ्याएवढे खुंट उरले आणि शेडमागे फांद्यांचा मोठा ढीग पडला. बाबा घामाघूम होऊन वर आले आणि दोनदा भात घेऊन जेवले.

संध्याकाळी शेजारची फ्राऊ पेटर्स आपला कुत्रा फिरवायला निघाली होती. कुंपणापाशी थबकली. तिला सगळ्या गल्लीची खबर असायची, आणि नसली तर ती काढायची. मी कचरा टाकायला खाली गेले होते. तिने मला हाताने बोलावलं आणि विचारलं, “हे कुणी केलं?” मी अभिमानाने सांगितलं, बाबांनी. तिने कुंपणावरून हात घालून ढिगातली एक फांदी उचलली आणि तिचं टोक माझ्यासमोर धरलं. टोकाला दोन गुबगुबीत डोळे होते, हिरवट-लालसर, शेजारी शेजारी. “हे बघ,” म्हणाली, “ही मे महिन्याची फुलं. उन्हाळ्यातच तयार होऊन बसतात आणि हिवाळाभर थांबतात. फ्लीडर फुलून गेला की तेव्हाच कापायचा असतो. आत्ता कापला म्हणजे...” आणि तिने पुढे बोलायचं टाळून कुत्र्याची दोरी ओढली.

वर जाऊन मी ते जसंच्या तसं सांगितलं, मला मधलं काही गाळून सांगायची अक्कल नव्हती. बाबा म्हणाले, “तिला काय कळतंय.” मग खाली गेले. द्राक्षाचं असं असतं, की छाटल्यावर जी नवी काडी फुटते तिच्यावर घड येतो. कापाल तर फळेल. बाबांनी लहानपणापासून दुसरं काही बघितलंच नव्हतं. ढिगापाशी उकिडवे बसून त्यांनी एक डोळा नखाने उभा चिरला. आत बारीक बारीक दाणे होते, कळ्यांचे, मोहरीहून लहान. अख्खा घोस त्यात घडी करून ठेवलेला. दुसरा चिरला, तिसरा चिरला. बराच वेळ वर आलेच नाहीत. आले ते हात न धुता खुर्चीवर बसले. आईने विचारलं, “आहेत का?” ते म्हणाले, “सगळ्यात आहेत.” करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, पण हे म्हणायची त्या वेळी कुणाचीच हिंमत नव्हती.

तिकडे दवाखान्यात एक बाई मे महिन्यासाठी टिकून होती आणि तिचा मे महिना आमच्या शेडमागे पडला होता. हे आम्हा तिघांना स्वच्छ कळत होतं, त्यामुळे कुणी ते बोलून दाखवलं नाही. रात्री बाबा जेवले नाहीत. आई एकटीच काहीतरी हिशोब करत असल्यासारखी ओठ हलवत होती. सकाळी उठून तिने मला फ्राऊ पेटर्सकडे पिटाळलं, काही उपाय आहे का विचार म्हणून. फ्राऊ पेटर्स म्हणाली, झाडाला उपाय नाही, ते फुटेल पण फुलायला दोन-तीन वर्षं घेईल. मग जरा विचार करून म्हणाली, डिसेंबरच्या सुरुवातीला सांक्ट बार्बाराचा दिवस असतो, तेव्हा आम्ही चेरीच्या फांद्या कापून घरात पाण्यात ठेवतो, त्या ख्रिसमसला फुलतात. फ्लीडरच्याही ठेवतात. फुलल्या तर फुलतात.

आईला एवढं पुरलं. ‘फुलल्या तर’ हा भाग तिने कानाआड केला. ढिगातल्या चांगल्या जाड डोळ्यांच्या फांद्या तिने निवडून घेतल्या, भाजी निवडावी तशा, आणि आम्ही त्या मिठीत भरून वर नेल्या. रात्रभर आंघोळीच्या टबात कोमट पाण्यात आडव्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आईने खलबत्त्यातला बत्ता काढला आणि प्रत्येक फांदीचं बूड पाट्यावर ठेवून ठेचलं, पाणी वर चढावं म्हणून. मग बादल्या, लोणच्याची मोठी बरणी, पिंप, जे हाताला लागेल त्यात त्या उभ्या केल्या. स्वयंपाकघरात उभं राहायला जागा उरली नाही. गॅसपाशी जायचं तर फांद्या बाजूला सारून. फोडणीचा धूर लागेल म्हणून आईने त्या दिवसांत फोडणीच बंद केली, आणि आम्ही आठवडेच्या आठवडे बिनफोडणीचं वरण आणि उकडलेले बटाटे खाल्ले. बाबांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. रोज ऑफिसातून आले की कोट न काढता आधी बादल्यांपाशी जायचे. बोट लावायचे नाहीत. नुसते बघायचे.

मी आणि आई दर दोन-तीन दिवसांनी बसने दवाखान्यात जायचो. ऑपरेशन झालं होतं, गाठ काढली होती, पण फ्राऊ हार्म्स खात नव्हती. दर वेळी गाल आणखी आत गेलेले दिसायचे. आईने मला बसमध्येच बजावलं होतं, “खोटं बोलायचं नाही. आणि आपणहून काही सांगायचंही नाही. अंगात जरा ताकद येऊ दे तिच्या.” ठरवायला सोपं होतं, पण ती म्हातारी दर वेळी तेच विचारायची. “फ्लीडर कसा आहे?” मी म्हणायची, “थंडी फार पडलीय.” “डोळे जाड झालेत का?” मी आईकडे बघायची. आईला प्रश्न कळायचा, भाषा न कळता. मी म्हणायची, “हो, जाड झालेत.” झाले होतेच ते, आमच्या ओट्यावर. ती समाधानाने डोळे मिटायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मला वाटायचं की ही माझ्या अंगाला येणारा बादलीतल्या पाण्याचा वास ओळखणार.

अर्ध्याअधिक डोळे सुकून काळे पडले आणि गळले. सकाळी केर काढताना आई ते सुपलीत गोळा करायची आणि बाबांच्या नजरेला पडायच्या आत टाकून द्यायची. ख्रिसमस आला आणि गेला, एकही फूल नाही. बाबांचा चेहरा असा झाला होता की आईने एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, “बाबांना आता काही विचारू नकोस, फुटतील.” मी घाबरले. बाबा फुटतात म्हणजे काय होतं, हे मला माहीत नव्हतं, आणि बघायचंही नव्हतं. लोणच्याच्या बरणीतल्या काही फांद्या मात्र खिडकीपाशी तग धरून होत्या. नवीन वर्ष लागल्यावर एका सकाळी मी दूध घ्यायला स्वयंपाकघरात गेले आणि बरणीतल्या एका टोकाला घोस सुटलेला दिसला. पांढरा. मी डोळे चोळले. झाड जांभळ्या फुलांचं, आणि हे दुधासारखं पांढरं. आई आली, बाबा आले. घरातल्या उबेत, उन्हाशिवाय, कोवळ्या कोवळ्या उमललेल्या फुलांना रंग धरला नव्हता. वास मात्र तोच. आई हळूच म्हणाली, “हा तिचा नाही असं म्हणेल ती. विकत आणला म्हणेल.” बाबा म्हणाले, “म्हणू दे. आता मी जातो.”

त्यांनी ते वाक्य तीन दिवस घोकलं. दाढी करताना, आरशात बघून, मला बाहेर उभं करून. “इश हाबे इरेन फ्लीडर गेश्निटन.” मी तुमचा फ्लीडर कापला. मी बाहेरून सांगायची, बाबा, आर नीट म्हणा. पुन्हा म्हणायचे. मी म्हटलं, मी सांगते ना, मी येतेच आहे बरोबर. तर म्हणाले, “हे तू नाही बोलायचं.” रविवारी आम्ही तिघं गेलो. बाबांनी लग्नातला कोट घातला होता आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती फांदी छातीशी धरली होती. बसमध्ये लोक वळून बघत होते.

फ्राऊ हार्म्स उशीला टेकून बसली होती. बाबांना बघून तिने भुवया वर केल्या. बाबा कधी आले नव्हते. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, कागद सोडवला नाही, आणि एका दमात बोलले. “फ्राऊ हार्म्स, मी तुमचा फ्लीडर कापला. चुकीचा कापला.” ती म्हणाली, “कधी?” “नोव्हेंबरात.” “सगळा?” बाबा थांबले. मला वाटलं आता ते माझ्याकडे बघतील. बघितलं नाही. “सगळा,” म्हणाले. मग त्यांनी कागद उलगडला आणि ती पांढरी फांदी तिच्या पांघरुणावर ठेवली. तिने फांदीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. “जा,” म्हणाली. आमच्या मराठीतलं जा नव्हे, पण अर्थ तोच होता, हात दाराकडे होता. “घेऊन जा ते.” बाबांनी फांदी उचलली नाही. आईने उचलली, शेजारच्या टेबलावर पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि नेहमीसारखी तिच्या पायांवरची शाल सारखी केली. फ्राऊ हार्म्स वळली नाही.

मग काही दिवस असे गेले की घरात भांडं पडलं तरी तिघं दचकायचो. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर नर्सने दारातूनच सांगितलं, त्यांना कुणाला भेटायचं नाहीये. आई डबा नर्सच्या हातात देऊन आली, आणि तो डबा तसाच भरलेला परत आला. रिकामी वाटी परत न करणाऱ्या बाईने भरलेला डबा परत केला, हे आईला फार लागलं. तिने ओट्यावर तो उघडला, आतल्या शिऱ्याकडे बघितलं आणि रडली. बाबा उठून तिच्यामागे जाऊन उभे राहिले, पण काय करायचं ते त्यांना सुचेना. म्हणाले, “माझ्यामुळे झालं.” असं वाक्य मी त्यांच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकल्यावर मला बरंही वाटलं नाही.

फोन आला तो दवाखान्यातून. मी उचलला. नर्स म्हणाली, फ्राऊ हार्म्सनी हेर माने यांना बोलावलंय, मुलीला घेऊन, आणि आज. आम्ही लगेच बस पकडली. आत गेलो तर ती खुर्चीवर बसली होती, पलंगावर नाही, आणि समोर सूपचा रिकामा वाडगा. फांदी खिडकीत ठेवलेली होती. फुलं सुकून तपकिरी झाली होती, पण कुणी टाकली नव्हती. तिने बाबांना बसायला सांगितलं नाही. “हेर माने, तुम्ही इंजिनियर आहात. मालकाला न विचारता यंत्र उघडता का?” मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर बाबा म्हणाले, “नाइन.” नाही. “मग?” उत्तराची वाट न बघता ती पुढे म्हणाली, “यंदा मे महिन्यात फुलं नाहीत. पुढच्या मे महिन्यात असली तर एखाद-दोन. धड फुलणार ते त्याच्या पुढच्या.” ती हाताच्या बोटांवर मोजत होती आणि रागाने तिचे गाल लाल झाले होते. “मी हा मे गाठायचा म्हणून इथे पडून होते. आता मी काय करू? तितकी वर्षं जगू? तुमच्यामुळे?” बाबांनी मान वर केली आणि, देव जाणे कुठून त्यांना ते सुचलं, म्हणाले, “या. बिट्टे.” जर्मनमधलं या, म्हणजे हो. कृपा करून. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग नर्सला हाक मारून म्हणाली, सूप अळणी होतं, उद्या मीठ घाला.

ती मार्च अखेरीला घरी आली. पहिल्याच दुपारी आईने मुद्दाम रूहेत्साइटमध्ये मिक्सर लावला, कान खालच्या दिशेला लावून. टक, टक. आईने मिक्सर बंद केला आणि ओट्याला धरून हसत राहिली. मे महिन्यात फ्लीडरला नुसती पानं आली. फ्राऊ हार्म्स त्याच्यासमोर तीच लोखंडी खुर्ची टाकून बसायची आणि झाडाशी भांडण असल्यासारखी बघायची. बाबा दिसले की हाक मारायची, “हेर माने, काही नाही.” बाबा कुंपणापासून म्हणायचे, “पुढच्या वर्षी, फ्राऊ हार्म्स.” पुढच्या वर्षी मूठभर घोस आले, तेही एका बाजूला. “एवढ्यासाठी मी गोळ्या खाते का?” असं तिने विचारलं. फ्राऊ पेटर्स आईला म्हणायची, ही बाई फुलांवर नाही, रागावर जगतेय. आई म्हणायची, कशावर का होईना. डॉक्टरांना त्याचं नवल वाटायचं, आम्हाला नाही.

आणि मग तो मे आला. मी तोवर आखनला शिकायला जायच्या तयारीत होते. फ्लीडर असा फुलला की वरच्या खिडकीतून पलीकडचं कुंपण दिसेना. फ्राऊ हार्म्स रोज सकाळपासून खुर्चीत. आईने दुपारी मिक्सरला हात लावला नाही, न सांगता. फुलं सुकायला लागली तशी फ्राऊ हार्म्सने बाबांना खाली बोलावलं, कात्री घेऊन. मला हे वरून दिसत होतं. आधी तिने त्यांना झुडपात घरटं आहे का ते बघायला लावलं. मग काठीने दाखवत गेली. सुकलेला घोस कापायचा, पण त्याच्या खालची नव्या कोंबांची जोडी राखायची, पुढची फुलं तिथेच येतात. बुडाशी उगवलेले फुटवे काढायचे. अगदी जुनं जाड खोड असेल तर वर्षाला एखादंच, सगळी एकदम नाहीत. बाबांनी पहिला घोस बोटांत धरला, कात्री जवळ नेली आणि हात थांबवला. वळून तिच्याकडे बघितलं. “हीअर?” इथे? तासगावच्या मान्यांपैकी कुणी छाटणीला दुसऱ्याला विचारलेलं तिथल्या कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. ती डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली, मुद्दाम, मला अजून खात्री आहे, आणि मग म्हणाली, “गेनाऊ.” अगदी बरोबर. मग त्यांनी कापलं. असं प्रत्येक घोसाला. संध्याकाळपर्यंत चाललं होतं ते.

त्या हिवाळ्यात ती गेली, तिच्याच पलंगावर, आईने केलेली पेज दोन चमचे पिऊन. नोव्हेंबरात कात्री मेणकापडातच राहिली.

पुढच्या जूनमध्ये मी सुट्टीला आखनहून घरी आले होते. फुलं नुकतीच सुकली होती. लोखंडी खुर्ची तिथेच होती, कुणी उचलली नव्हती. सकाळी बाबा कात्री घेऊन खाली गेले. मी आणि आई वरच्या खिडकीत चहा घेत उभ्या होतो. त्यांनी आधी घरटं बघितलं. मग एक घोस बोटांत धरला, कात्री लावली आणि थांबले. वळून रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. “हीअर?” त्यांनी विचारलं, आम्हाला वर ऐकू आलं इतक्या स्पष्ट आवाजात. बाबा तसेच उभे राहिले, जितका वेळ ती लावायची तितका, आणि मगच त्यांनी कापलं.